जुनी बोट घेताना

कोकणातल्या मुसलमान घरांना समुद्र नवा नाही. ज्या घरातलं कुणीच कधी जहाजावर गेलं नाही, असं घर आमच्या मोहल्ल्यात शोधावं लागेल. पण जहाजावर नोकरीला जाणं वेगळं आणि बायकोसह शिडाच्या बोटीवर राहायलाच जाणं वेगळं. माझा धाकटा भाऊ अनेक वर्षं जहाजावर इंजिनिअर होता, आता इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर राहतो. मुलं मोठी झाली. भाड्याचं घर सोडून जुनी शिडाची बोट घ्यायची, आधी तिच्यावर राहून सवय करायची, मग पोर्तुगाल, कॅनरी बेटं करत अटलांटिक ओलांडायचा, असा त्याचा बेत. गावची जमीन विकून आलेला त्याचा हिस्सा माझ्याकडे अमानत होता. तो त्याने मागितला. अमानत मागितल्यावर द्यायचीच. पण मोठी बहीण म्हणून चार प्रश्न विचारायचा हक्क मी सोडला नाही. मे महिन्याच्या सुट्टीत त्यांच्याकडे गेले आणि त्यांच्याबरोबर बोटी बघत फिरले.

व्याजाचं कर्ज काढायचं नाही, हे त्याचं आधीच ठरलेलं होतं. हातात असेल तेवढ्यातच बोट. मला वाटलं, एवढ्यात काय मिळणार? पण १९७०-८० च्या दशकांत ब्रिटनमध्ये फायबरच्या असंख्य बोटी बांधल्या गेल्या आणि फायबर लाकडासारखं कुजत नाही. त्यामुळे तीस-बत्तीस फुटी जुन्या बोटी तिथे साध्या मोटारीच्या किमतीत विकायला असतात. खरा प्रश्न पुढे असतो.

पहिली बोट एकेचाळीस फुटी. आत दोन खोल्या, सागवानी डेक, आणि किंमत आमच्या आवाक्यात. भाबीला बघताक्षणी आवडली. मी विचारलं, "एवढी मोठी एवढ्या स्वस्तात का?" भाऊ हसला. बंदरात जागेचं भाडं बोटीच्या लांबीवर असतं. शिडं, दोर, नांगर, रंग, सगळंच लांबीबरोबर महागतं, तेही लांबीपेक्षा जास्त वेगाने. डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या स्टीलच्या तारा तर दहा-पंधरा वर्षांनी बदलाव्याच लागतात, त्या दिसायला चकचकीत असल्या तरी. बरेच विमेवाले तेवढं झाल्याशिवाय विमा देत नाहीत. त्या बोटीच्या तारा कधी बदलल्या याचा कागद मालकाकडे नव्हता. सगळे पैसे किमतीतच गेले असते आणि बोट धक्क्यालाच बांधलेली राहिली असती.

दुसरी बत्तीस फुटी, अरुंद, जुन्या घडणीची, आत एकच खोली म्हणावी अशी. तिच्याच मापाची कॉन्टेसा ३२ ही बोट इंग्लंडमध्ये अजून मानाने सांगतात. १९७९ च्या फास्टनेट शर्यतीत वादळाने पंधरा खलाशांचा जीव घेतला. त्या शर्यतीत सर्वांत लहान बोटींच्या गटातून शेवटपर्यंत पोचली ती एकच, अशीच एक कॉन्टेसा ३२. लहान म्हणजे कच्ची नव्हे, एवढं मला त्यावरून पटलं.

बोली लावली ती तपासणीच्या अटीवर, आणि तपासनीस आपला, आपण फी देऊन आणलेला. विकणाऱ्याने दिलेला जुना अहवाल कितीही सुरेख असो, त्यावर भिस्त ठेवू नये. बोट क्रेनने वर काढून टेकूंवर उभी केली. तपासनीसाने लहान हातोडी घेऊन डेक इंचाइंचाने वाजवला. आपण बाजारात मडकं वाजवून घेतो, अगदी तसंच. ठण्ण आवाज आला तर पक्कं. बद्द आला तर फायबरच्या दोन थरांमध्ये पाणी शिरून आतलं लाकूड कुजलंय. डोलकाठीच्या पायथ्याशी हातभर जागा बद्द वाजली. पाण्याखालच्या भागावर थोडे फोड होते, त्यांची त्याने फारशी चिंता केली नाही. समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या दोन व्हॉल्व्हचं पितळ मात्र खरवडल्यावर गुलाबी निघालं. खाऱ्या पाण्याने त्यातलं जस्त खाऊन टाकलं होतं. असा व्हॉल्व्ह हातात तुटला तर बोट बुडते. म्हणजे नाकारायला पुरेसं नव्हतं, घासाघीस करायला भरपूर होतं. या दुरुस्त्यांचा खर्च किमतीतून वजा झाला.

भाबीची तपासणी वेगळीच. तिने सिलिंडर कुठे ठेवतात ते आधी बघितलं. गॅस हवेपेक्षा जड. घरात दार-खिडकी उघडली की जातो, बोटीत तळाशी साचून राहतो. म्हणून सिलिंडरचा कप्पा आतून पूर्ण बंद आणि त्याच्या तळाला बाहेर जाणारं भोक हवं. ते होतं. मग तिने पाण्याची टाकी विचारली. दोनशे लिटर. कॅनरी बेटांवरून पलीकडे सुमारे तीन आठवडे लागतात. दोघांना रोज जेमतेम नऊ-दहा लिटर, आणि टाकीत दोष निघाला तर तेही नाही. पाच वेळच्या वुजूचं काय, हा तिचा प्रश्न. समुद्रावर जाणारे थोडंच गोडं पाणी नेतात, त्यांनी समुद्राच्या पाण्याने वुजू करावा का, हे रसूलुल्लाह (स.) यांना विचारलं गेलं होतं आणि त्यांनी ते पाणी पाक असल्याचं सांगितलं. ही रिवायत अबू दाऊद आणि तिर्मिजी दोघांकडे आहे. मुलींना मी ती वर्गात शिकवते, पण तो प्रश्न विचारणारा माणूस किती खरी अडचण घेऊन आला होता, हे त्या टाकीशेजारी उभी असताना जाणवलं.

मोहल्ल्यात काही जणांचं म्हणणं, एवढ्या पैशांत गावी दोन खोल्या झाल्या असत्या. झाल्या असत्या. मी अट एकच घातली: हिश्श्याचा तिसरा भाग बोटीला लावायचा नाही, तो दुरुस्ती आणि परतीसाठी बाजूला. आणि भाबी एक हिवाळा बोटीवर राहून "चल" म्हणेल तेव्हाच अटलांटिक. तिने अजून काही म्हटलेलं नाही. सध्या बोट टेकूंवर आहे, व्हॉल्व्ह बदलून झालेत, डोलकाठी उतरवून तारांचं काम चाललंय.