गळ आणि संयम

छंद म्हणजे वेळ घालविण्याचे साधन, असे पुष्कळांना वाटते. मला मात्र माझ्या छंदाने वेळ ओळखावयास शिकविले. गळाने मासे धरणे हा तो छंद, आणि अलिबाग तालुक्यातील मांडवा ही त्याची शाळा. मुंबई बंदराच्या समोरच हे गाव आहे. गेटवेहून सुटलेली लाँच तासाभरात येथे पोहोचते. उतारू घाईघाईने धक्का ओलांडून जातात. गळ घेऊन आलेला मनुष्य तेवढा खडकावर मागे राहतो.

या शाळेतील पहिला धडा चंद्राचा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ सुमाराने कळते, असा किनाऱ्यावरील जुना हिशेब आहे. चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. पौर्णिमा-अमावास्येला पाणी फार चढते, ते उधाण. अष्टमीच्या आसपास ते बेताने हलते, तो भांग. पाणी चढू लागले की त्याबरोबर लहान मासे व कोळंबी किनाऱ्याकडे येतात आणि त्यांच्या मागोमाग मोठे मासे. गळाला कोळंबी लावावी, दोरीला शिसे बांधावे, पाण्यात सोडावे आणि वाट पाहावी. कधी बोय दुरूनच उडी मारून चिडविते, कधी शिंगाळा आमिष गिळतो. कधी सारी भरती रिकामीच जाते. तरीही त्या दिवशी काही मिळाले नाही, असे मला कधी वाटत नाही.

दुसरा धडा ऋतूचा. पावसाळ्यात वारा उसळतो, गेटवेच्या लाँची बंद होतात, कोळ्यांच्या होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात. जून व जुलै हे माशांच्या विणीचे दिवस. त्या काळात यंत्राच्या होड्यांना समुद्रात मासेमारीस शासनाची बंदी असते. कायदा होण्याच्या कितीतरी आधीपासून कोळी बांधव नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करून मगच होड्या लोटीत आले आहेत. काठी घेऊन खडकावर बसणाऱ्याला मात्र ही बंदी अडवीत नाही. मग त्याने काय करावे? मी माझी काठी नारळी पौर्णिमेपर्यंत खुंटीवरच ठेवतो.

याचे कारण जिताड्याने मला शिकविले. जिताडा हा रायगडच्या खाड्यांचा मानकरी मासा. त्याची एक नवलाची गोष्ट आहे. बहुतेक जिताडे जन्मतः नर असतात आणि काही वर्षांनी, पुरेसे वाढल्यावर, मादी होतात. म्हणून मीटरभर लांबीचा जिताडा म्हणजे बहुधा मादीच. पावसाळ्यात ती खाडीच्या मुखाशी येऊन लाखो अंडी घालते. जो मासा धरण्यात सर्वांत मोठा पराक्रम वाटतो, तोच मासा पुढच्या पिढ्यांची आई असतो!

एकदा भाद्रपदात असाच एक मोठा जिताडा माझ्या गळाला लागला. अर्धा तास त्याने मला दमविले. शेवटी तो खडकाजवळ आला, तेव्हा त्याचे रुपेरी अंग उन्हात लखलखत होते. क्षणभर मोह झाला. मग मी हात ओले केले, कारण कोरड्या हातांनी माशाच्या अंगावरील बुळबुळीत थर निघून जातो. हलकेच गळ सोडविला आणि त्याला पाण्यात धरून ठेवले. थोड्याच वेळात शेपटीचा एक फटकारा बसला आणि तो दिसेनासा झाला.

शेजारी जाळे विणीत बसलेले वृद्ध नाखवा सारे पाहत होते. ते म्हणाले, “सोडलात ना, मास्तर? बरं केलंत. गाभोळी असेल तिच्या पोटात.”

“पण नाखवा, तुमच्या जाळ्यात आली असती तर?” मी विचारले.

ते हसले. “आम्हाला घर चालवायचं असतं. तुम्हाला काय, खेळायचंच आहे ना?”

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. परंतु मला त्यात माझ्या छंदाचा नियम सापडला. कोळ्याचे जाळे पोटासाठी पाण्यात पडते, माझा गळ आनंदासाठी. ज्याला गरज नाही, त्याच्यावर बंधन अधिक. आता एखादा बेताचा मासा मी घरी नेतो. पिलू आणि मोठी मादी यांना परत पाण्यात सोडतो. खेळात जिंकणे गोड असते खरे. परंतु ज्याच्याशी खेळलो, तो उद्याच्या भरतीलाही तेथे असावा, ही इच्छा त्याहून गोड असते.