माझे पहिले साहित्य संमेलन

कल्याणच्या एका शाळेत आंबेडकरी साहित्य संमेलन भरले होते. दारातच नोंदणीचे टेबल होते. तेथल्या तरुणाने जयभीम घातला आणि माझ्यापुढे अर्ज सरकवला. नाव, पत्ता, व्यवसाय लिहिला आणि पेन थांबले. पुढे दोन चौकटी होत्या, एक 'लेखक' आणि दुसरी 'श्रोता'. मी मुकाट्याने 'श्रोता'वर खूण केली. सोबत नववीत शिकणारी मुलगी होती. ती म्हणाली, "पप्पा, वस्तीतले सगळे अर्ज तर तुम्हीच लिहिता. मग?"

मी तिला गप्प केले. रेशनकार्डाचा अर्ज म्हणजे काही साहित्य नव्हे!

खरे सांगायचे तर मी भीतभीतच गेलो होतो. मी बी.कॉम. झालेला कारकून. आमच्या विहाराचा जमाखर्च आणि सभांचे इतिवृत्त गेली वीस वर्षे माझ्याच हातचे आहे. चौदा एप्रिलच्या वर्गणीत कधी एका रुपयाचा फरक पडला नाही. पण साहित्य संमेलन म्हणजे मोठ्या लोकांचे काम, तेथे आपण जाऊन काय करायचे, असेच वाटत आले. या वेळी विहारातल्या मंडळींनी हट्ट धरला. मुलीच्या आईने भाकरी आणि ठेचा बांधून दिला आणि आम्ही बापलेकीने अंबरनाथहून सकाळची लोकल पकडली.

तथागत बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांना पुष्पहार अर्पण झाले, सर्वांनी त्रिसरण-पंचशील घेतले आणि कार्यक्रम सुरू झाला. उद्घाटक वक्त्यांनी आपल्या लेखणीचा इतिहास सांगितला. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले, त्याला राजर्षी शाहू महाराजांनी २५०० रुपयांची मदत केली. १९२७ साली 'बहिष्कृत भारत' सुरू झाले. पुढे २ मार्च १९५८ रोजी दादरला पहिले दलित साहित्य संमेलन भरले. त्याचे उद्घाटन कोणी केले? शाळेचे तोंड धड न पाहिलेल्या, गिरणीत राबलेल्या अण्णा भाऊ साठे यांनी! मग त्यांनी फलटणच्या बेबीताई कांबळे यांची गोष्ट सांगितली. छोटेसे दुकान चालवता चालवता ही माउली रद्दीचे कागद वाचत असे. घरच्यांपासून लपवून तिने वह्या भरल्या आणि त्यातून 'जिणं आमुचं' हे पुस्तक झाले.

माझी मुलगी माझ्याकडे बघत होती. मी मात्र व्यासपीठाकडेच बघत राहिलो.

जेवणानंतर परिसंवाद झाला. शेवटी अध्यक्षांनी जाहीर केले की प्रतिनिधींपैकी ज्यांना बोलायचे असेल त्यांनी तीन-तीन मिनिटे बोलावे. बराच वेळ कोणी उठेना. मग मागच्या रांगेतून एक बाई उठल्या. सफाईचे काम करणाऱ्या, पन्नाशीच्या. हातात शाळेची वही. म्हणाल्या, "मी लेखिका नाही. सासूबाई बोलायच्या तेवढं लिहून ठेवलंय." आणि त्या अडखळत वाचू लागल्या. बाबासाहेबांचा शब्द मानून सासऱ्यांनी मेलेली ढोरे ओढायचे सोडले. गावाने बलुते बंद केले. त्या वर्षी घरातल्यांनी काय खाल्ले, कोणाच्या विहिरीवरून हाकलून दिले, कोणी चोरून पायलीभर जोंधळे आणून दिले, सगळे नावानिशी लिहिलेले. सभागृहात कोणी खोकलेसुद्धा नाही.

ते ऐकता ऐकता मला माझी आजी आठवली आणि घसा दाटून आला.

आजी नायगावच्या बी.डी.डी. चाळीत राहायची. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाल्याचे कळले त्या दिवशी चाळीत चूल पेटली नाही, असे ती सांगे. माझे वडील तेव्हा दोन वर्षांचे. त्यांना कडेवर घेऊन ती राजगृहाबाहेर रांगेत उभी राहिली. ७ डिसेंबर १९५६ रोजी अंत्ययात्रेबरोबर दादर चौपाटीपर्यंत चालत गेली. त्या दिवसावर तिने स्वतः ओव्या रचल्या होत्या. दर वर्षी ६ डिसेंबरच्या आदल्या रात्री ती त्या म्हणायची आणि घरातले सगळे ऐकत बसायचे. "आजी, एकदा नीट लिहून घेतो गं," असे मी किती वेळा म्हटले असेल! आज नको, ऑडिट आहे. उद्या नको, जयंतीची गडबड आहे. २००९ साली आजी गेली. आज मला त्या ओव्यांची चाल आठवते, शब्द आठवत नाहीत. वडिलांनाही आठवत नाहीत.

वर्गणीची वीस वर्षांची पावतीबुके माझ्या कपाटात जपून ठेवलेली आहेत. आजीची मात्र एक ओळ नाही.

मी केव्हा उठलो ते मलाच कळले नाही. जे वर लिहिले तेच बोललो. तीन मिनिटेही लागली नाहीत. बोलून खाली बसलो तर लाज वाटत होती. आपण व्यासपीठावरून आपलीच चूक सांगून आलो! कार्यक्रम संपल्यावर काठी टेकत एक वृद्ध गृहस्थ जवळ आले. म्हणाले, "मी बारा वर्षांचा होतो तेव्हा. चौपाटीवर होतो. तुझी आजी गेली पोरा, पण मी आहे अजून. येत्या रविवारी वही घेऊन ये."

परतताना पुस्तकांच्या स्टॉलवरून 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक घेतले. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी बाबासाहेबांच्या चळवळीतल्या स्त्रियांना गाठून, त्यांच्या तोंडून ऐकून ते लिहिले आणि १९८९ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा त्यांनी ते काम केले नसते तर कितीतरी आठवणी त्या मायमाउल्यांबरोबरच गेल्या असत्या. मुलगी लोकलमध्ये ते चाळत होती. मध्येच म्हणाली, "पप्पा, दोनशे पानी वही घेऊ या."

त्या रविवारी आम्ही दोघे त्या आजोबांकडे गेलो. ते बोलत होते, मुलगी लिहीत होती आणि मी साल, गाव, नावे विचारत होतो. कारकुनीची सवय येथे कामाला आली. चौदा पाने भरली. आजीच्या ओव्या काही परत आल्या नाहीत, येणारही नाहीत. ती चूक माझ्याकडेच राहील.

बंधू-भगिनींनो, शेवटी एवढेच सांगावेसे वाटते. १९५६ साल डोळ्यांनी पाहिलेली माणसे आज सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत. ती आपल्याच घरात, आपल्याच चाळीत खाटेवर बसलेली आहेत. लिहायला लेखक असावे लागत नाही. वही घ्या, वर त्यांचे नाव, गाव आणि तारीख घाला. ते बोलतील तसेच लिहा, त्यांची भाषा सुधारू नका. विहारात रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास त्यासाठी ठेवता आला तर फारच चांगले. पुढच्या संमेलनाच्या अर्जावर कोणत्या चौकटीत खूण करायची ते नंतर पाहू. वही मात्र याच आठवड्यात घ्या.

जयभीम!