शून्य माणसांची खोली

गेल्या महिन्यात एका तरुण सहकाऱ्याचा दूरध्वनी आला. प्रतिनियुक्तीवर दोन वर्षांसाठी तो इंग्लंडला निघाला आहे. बरोबर पत्नी, दोन मुले आणि मध्ये काही महिने सासूबाई, असा लवाजमा. "सर, तीन बेडरूमचे घर मिळते आहे, भाडेही आवाक्यात आहे. फोटो पाहिले, छान दिसते. पैसे भरून टाकू का?" मी विचारले, तिसऱ्या खोलीची लांबी-रुंदी किती? त्याला प्रश्नाचा रोख कळला नाही. बेडरूम म्हणजे बेडरूम, त्यात लांबी-रुंदी काय विचारायची, असा काहीसा त्याचा सूर होता. २००६ साली मलाही तो रोख कळला नसता. त्याला जे सांगितले तेच येथे जरा सविस्तर लिहितो.

त्या वर्षी मी अध्ययन रजेवर बर्मिंगहॅमला गेलो. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सात वर्षांचा. सहा महिन्यांसाठी आईलाही बोलवायचे ठरले होते. दिल्लीत बसूनच संगणकावर घर पाहिले आणि ठरवून टाकले. जाहिरातीत 'तीन बेडरूम' असे ठळक अक्षरांत होते, क्षेत्रफळाचा मात्र कोठेही उल्लेख नव्हता. आपल्याकडे घर म्हटले की पहिला प्रश्न 'कार्पेट किती?' हा असतो, त्यामुळे मला हे विचित्र वाटायला हवे होते. पण तीन हा आकडा पाहून मी निश्चिंत झालो. आम्हाला एक, मुलांना एक, आईला एक. अर्थशास्त्राचा पदव्युत्तर विद्यार्थी असूनही, ज्या एककात भाव ठरतो त्याच एककात फुगवटा येतो, हे साधे तत्त्व मी विसरलो. मुंबईत भाव चौरस फुटावर ठरतो, म्हणून तेथे जिना, लिफ्ट आणि गच्चीचा वाटा मिळवून 'सुपर बिल्ट-अप' जन्माला आले. २०१६ च्या रेरा कायद्याला चटई क्षेत्राची व्याख्या बांधून द्यावी लागली ती त्यामुळेच. इंग्लंडमध्ये भाव खोल्यांच्या संख्येवर ठरतो. तेव्हा तेथे फुगते ती संख्या.

घर १९३० च्या दशकातले, एका भिंतीने शेजारच्या घराला जोडलेले. तळमजल्यावर दिवाणखाना व स्वयंपाकघर, वर तीन खोल्या. पहिली बारा फूट बाय अकरा फूट, दुसरी दहा बाय नऊ. तिसऱ्या खोलीचे दार उघडले आणि पत्नी म्हणाली, "अहो, ही तर अडगळीची खोली!" साडेसहा फूट बाय सात फूट. त्यातही एका कोपऱ्यात जमिनीतून वर आलेला, गिलावा केलेला कमरेएवढा चौकोनी ठोकळा. खाली जिना होता. जिना चढणाऱ्याचे डोके आपटू नये म्हणून वरच्या खोलीची जमीन तेवढ्या भागात उचललेली. तेथला साधा एकेरी पलंग तीन फूट बाय सव्वासहा फुटांचा असतो. तो खिडकीला लावून ठेवला की दार अर्धेच उघडे. या खोलीला तेथे बॉक्स रूम म्हणतात आणि अशी खोली असलेली घरे त्या देशात अगणित आहेत, हे मला नंतर कळले. एजंटला विचारले, तर तो शांतपणे म्हणाला, "आम्ही खोल्या मोजतो, त्यांचे आकार नाही."

एवढ्यावर भागले असते तर हसून सोडून दिले असते. पण आईच्या व्हिसाच्या अर्जाबरोबर तिच्या राहण्याची सोय पुरेशी आहे असे दाखवायचे होते. 'पुरेशी' म्हणजे किती? ओळखीचे एक मराठी डॉक्टर तेथे पंचवीस वर्षे होते. ते म्हणाले, "आधी टेप घ्या आणि मग कायदा वाचा." प्रशासनातल्या माणसाला याहून सोपा सल्ला कोणता! विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी १९८५ चा गृहनिर्माण कायदा काढून बसलो.

त्या कायद्यात घरातली गर्दी ठरवण्याच्या दोन कसोट्या आहेत. पहिली कसोटी माणसे कोणती, ही. दहा वर्षांवरील दोन भिन्नलिंगी व्यक्ती, त्या पती-पत्नीप्रमाणे राहत नसतील तर, त्यांना एका खोलीत झोपावे लागू नये. मुलगा सातच वर्षांचा असल्याने येथे आम्ही सुटलो. दुसरी कसोटी जागेची. ११० चौरस फूट वा अधिक खोलीत दोन माणसे, ९० ते ११० मध्ये दीड, ७० ते ९० मध्ये एक, ५० ते ७० मध्ये अर्धा, आणि ५० च्या खाली कोणीच नाही. वर्षाच्या आतले मूल हिशेबात धरायचे नाही, एक ते दहा वर्षांचे मूल म्हणजे अर्धा माणूस. त्याखेरीज खोल्यांच्या संख्येवरूनही एक मर्यादा येते (एका खोलीला दोन माणसे, दोनला तीन, तीनला पाच) आणि दोन्हींतली जी कमी ती लागू. दिवाणखानाही झोपण्याची खोली म्हणून धरला जातो, हे बहुतेक भाडेकरूंना ठाऊक नसते.

मी कागद घेऊन गणित मांडले. पहिली खोली १३२ चौरस फूट, म्हणजे दोन. दुसरी बरोबर ९०, म्हणजे दीड. एक चौरस फूट कमी असता तर एकच माणूस! दिवाणखाना दोन. तिसरी खोली साडेपंचेचाळीस, म्हणजे शून्य. बेरीज साडेपाच. पण हिशेबात धरण्याजोग्या खोल्या तीनच, म्हणून मर्यादा पाच. आम्ही दोघे, आई आणि मुलगी मिळून चार, मुलगा अर्धा, एकूण साडेचार. अर्ध्या माणसाने आम्ही कायद्यात बसलो. घराचा नकाशा हाताने काढून, मापे लिहून, भाडेकराराच्या प्रतीसह मुंबईला धाकट्या भावाकडे पाठवला. त्याने आईचा अर्ज केला आणि व्हिसा मिळाला.

त्या कोष्टकाने मला दुसऱ्याच विचारात टाकले. हे आकडे १९८५ चे नव्हेत; ते १९३५ च्या कायद्यातून जसेच्या तसे आलेले आहेत. माझा जन्म नायगावच्या बीडीडी चाळीतला. १९२० नंतरच्या दशकात मुंबई सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे या चाळी उठवल्या. तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक खोली १६० चौरस फूट, शौचालये सामाईक. आमच्या खोलीत आजी, आई-वडील आणि आम्ही चार भावंडे राहत होतो. वडील गिरणीत रात्रपाळीला असत, तेव्हा पाय पसरायला जागा मिळे. इंग्लंडच्या कोष्टकानुसार त्या खोलीत दोन माणसे बसतात. दोन्ही ठिकाणी राज्य एकाच राजाचे होते, मधले अंतर दहा-बारा वर्षांचे. म्हणजे माणसाला किती जागा लागते याचे ज्ञान नव्हते असे म्हणता येत नाही.

अर्थात आपल्या व्याख्यांकडेही पाहिले पाहिजे. परतल्यावर काही वर्षे गृहनिर्माणाची आकडेवारी हाताळण्याचे काम माझ्याकडे होते. २०११ च्या जनगणनेत खोली कशाला म्हणावे? भिंती, दार आणि छप्पर असलेली, माणसाला झोपता येईल एवढी जागा. लांबी किमान दोन मीटर, रुंदी दीड मीटर, उंची दोन मीटर. म्हणजे सुमारे ३२ चौरस फूट. बर्मिंगहॅमची ती अडगळीची खोली आपल्या प्रगणकाने पूर्ण एक खोली म्हणून नोंदवली असती, आणि त्यात त्याची चूक काहीच नव्हती. इतकी उदार व्याख्या घेऊनही २०१२ साली तज्ज्ञ गटाने शहरी भागातली घरांची तूट १ कोटी ८७ लाख ८० हजार इतकी काढली आणि तिच्यातला सुमारे ८० टक्के भाग गर्दीमुळे होता. येथे गर्दी म्हणजे दाटीवाटी एवढेच नव्हे. घरातल्या विवाहित जोडप्याला स्वतंत्र खोली नसणे, हा तिचा निकष. आपल्या व्याख्येत जोडप्याला खोली लागते. विधवा म्हाताऱ्या बाईला लागते की नाही, हा प्रश्न त्या कोष्टकात कोठेच उद्भवत नाही. मी ती कोष्टके अनेकदा वापरली, पण हे ध्यानात यायला बराच काळ गेला.

इंग्लंडचेही सारे सरळ नाही. २०१३ साली सरकारी व गृहसंस्थांच्या घरांतल्या भाडेकरूंची मदत, घरात एक बेडरूम जास्त असेल तर १४ टक्के आणि दोन वा अधिक असतील तर २५ टक्के, कापण्याचा नियम आला. त्या नियमात बेडरूमची व्याख्याच दिलेली नव्हती. लोक टेप घेऊन न्यायाधिकरणांपुढे उभे राहिले. ज्या खोलीत गर्दीच्या कायद्याने शून्य किंवा अर्धाच माणूस झोपतो, तीच खोली कपातीसाठी पूर्ण एक कशी? वरच्या न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये आकार हा विचारात घेण्याचा एक घटक आहे, पण एकमेव नाही, असा मध्यम मार्ग काढला. आपल्याकडच्या कोणत्याही विभागाला शोभावे असे हे प्रकरण आहे.

माझ्या सहकाऱ्याला उपयोगी पडावे म्हणून अलीकडचे आकडेही सांगितले. अनेक कुटुंबांनी वा विद्यार्थ्यांनी वाटून घेतलेल्या, परवाना लागणाऱ्या घरांसाठी इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०१८ पासून किमान माप आहे. दहा वर्षांवरील एका व्यक्तीला ६.५१ चौरस मीटर, दोघांना १०.२२, दहा वर्षांखालील मुलाला ४.६४, आणि छताची उंची दीड मीटरहून कमी असलेला भाग वगळून. फुटांत रूपांतर केले की ७०, ११० आणि ५०. म्हणजे १९३५ चेच आकडे मेट्रिक पोशाखात! नव्याने बांधल्या जाणाऱ्या घरांसाठी २०१५ चे निराळे मानक आहे: एकेरी बेडरूम ७.५ चौरस मीटर आणि किमान सव्वादोन मीटरच्या थोडी आत रुंद, दुहेरी ११.५ चौरस मीटर. पण ते जुन्या घराला लागू नाही, आणि नव्या घरालाही स्थानिक परिषदेने स्वीकारले असेल तरच. म्हणून भाड्याने घेणाऱ्याने मजल्याचा नकाशा मागावा, मापे भिंतीपासून भिंतीपर्यंतची आहेत की खिडकीच्या बाहेर आलेल्या भागापर्यंतची ते विचारावे, आणि आपला पलंग कागदावर आखून दार उघडते का ते पाहावे. दिवाणखान्यात किती माणसे झोपू शकतील हेही पाहावे. आपल्याला त्याची सवय आहेच.

आई जानेवारीत आली. तिला ती खोली दाखवताना मला संकोच वाटत होता. आम्ही मुलांना तेथे हलवून तिला मोठी खोली देण्याचे ठरवले होते, तसे तिला सांगितलेही. ती पलंगावर बसली, खिडकीतून खालचा रस्ता पाहिला, आणि म्हणाली, "अरे, ही एवढी सगळी माझी एकटीची?" मी हो म्हटले. नायगावला ती मोरीच्या कडेला झोपत असे, नंतर डोंबिवलीला धाकट्याच्या घरी स्वयंपाकघरात, आणि दिल्लीला आमच्या सरकारी निवासात बैठकीच्या दिवाणावर. पाहुणे उठेपर्यंत तिला आडवे होता येत नसे, हे मी रोज पाहत होतो. पण त्यात पाहण्यासारखे काही आहे, असे तोवर वाटलेच नव्हते.

तिने खोली बदलू दिली नाही. जिन्याच्या त्या ठोकळ्यावर पाट मांडून बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा ठेवली, खाली पोथ्या. दुपारी ती दार लावून घेई. आधी आम्हाला वाटले, तिला बरे नाही की काय. पत्नीने एकदा हळूच डोकावून पाहिले, तर ती नुसती खिडकीशी बसून होती. सहा महिन्यांनी निघताना तिने पलंगाची चादर स्वतः धुऊन घडी करून ठेवली.

आम्ही घर सोडले तेव्हा एजंटच्या माणसाने यादीप्रमाणे खोल्या तपासल्या. तिसऱ्या खोलीत ठोकळ्यावर निरांजनाच्या काजळीचा एक डाग निघाला, त्याबद्दल अनामत रकमेतून काही पौंड कापले गेले. आईला हे फोनवर सांगितले. ती म्हणाली, "देऊन टाक रे. खोली माझीच होती."