लेकीची नोंद

डहाणू-घोलवडच्या चिकूवाड्यांच्या फाटकांवर ‘इराणी’ हे आडनाव वरचेवर दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि त्यानंतरही यझ्द-करमानच्या खेड्यांतून ही झरथुष्ट्री माणसे इकडे आली, वाड्या उभ्या केल्या. तिकडे दुष्काळ होता, १८८२ पर्यंत जिझिया होता, आणि वारशाचा एक जाच होता: घरातला एक जण मुसलमान झाला की सगळी मिळकत त्याची, बाकीची भावंडे कोरडी. मुसलमान वारस निघाला की बिगरमुसलमान वारस बाद, हा नियम इराणच्या दिवाणी कायद्यात अजून आहे. तिथल्या फौजदारी कायद्यात मुलगी नऊ चांद्र वर्षांची झाली की गुन्ह्याला जबाबदार, मुलगा मात्र पंधराव्या वर्षी. जीव गेल्याच्या भरपाईत बाईचे मोल मुळात पुरुषाच्या निम्मे. डोक्यावरचा रुमाल नीट नाही म्हणून पकडलेली बावीस वर्षांची महसा अमिनी १६ सप्टेंबर २०२२ रोजी तेहरानमध्ये मरण पावली, ती याच व्यवस्थेत.

अशा बातम्या वाचून आपण ‘तिकडे हे असेच’ म्हणतो आणि पेपरची घडी घालतो. पण डहाणू रोडवर सुरतेकडे जाणारी गाडी पकडली, तर तासा-दीड तासाच्या टापूत आपल्याकडचे असे बरेच काही सापडते.

घोलवडच्या पुढे उंबरगाव, मग संजाण. पारशांचे पूर्वज पहिल्यांदा उतरले ते इथे, असे ते मानतात. संजाण पडल्यावर त्यांनी आपला पवित्र अग्नी बोर्डीमागच्या बहरोटच्या डोंगरात बारा वर्षे सांभाळला, अशीही परंपरा सांगते. आता तो उदवाड्याला आहे. उदवाड्यापुढे पारडी आणि मग वलसाड. या वलसाडची गुलरुख. जन्माने पारशी, १९९१ मध्ये विशेष विवाह कायद्याखाली हिंदू माणसाशी लग्न केले. हा कायदाच मुळी कोणी धर्म न बदलता लग्न करावे म्हणून केलेला. तरी पारशी अंजुमनच्या लेखी ती पारशी उरली नाही. तिच्या ओळखीच्या, अशाच लग्न केलेल्या एकीला आईबापाच्या अंत्यविधीला आत येऊ दिले नव्हते. आपलेही आईवडील म्हातारे झाले, उद्या आपल्यालाही दारात अडवतील, या धास्तीने गुलरुख २०१० मध्ये कोर्टात गेली. २०१२ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा मताने सांगितले, की लग्नानंतर बाई नवऱ्याच्या धर्माची धरायची.

तिने मागितले काय होते? मालमत्ता नव्हे, अग्यारीचा कारभारही नव्हे. बापाच्या मयताला मुलगी म्हणून बसायचे होते.

परधर्मातली बायको केलेल्या पारशी पुरुषाचे काय, हे विचारायला १९०८ मध्ये जावे लागते. रतनजी दादाभॉय टाटांनी सुझान ब्रिएर या फ्रेंच बाईशी लग्न केले. तिचा नवजोत, म्हणजे दीक्षाविधी, झाला, ती झरथुष्ट्री झाली. पारशी पंचायतीच्या निधीवर आणि दोखम्यावर (मृतदेह ठेवायच्या मनोऱ्यावर) अशा व्यक्तीचा हक्क आहे का, हा वाद मुंबई उच्च न्यायालयात न्या. दावर आणि न्या. बीमन यांच्यापुढे चालला. निकाल मोठा मासलेवाईक आहे. न्यायाधीशांनी कबूल केले, की धर्मांतराला झरथुष्ट्राच्या धर्माची मनाई नाही. पण इथल्या पारशांची तशी वहिवाट नाही. मग पारशी कोण? इराणातून आलेल्यांचे वंशज, मागाहून आलेले इराणी झरथुष्ट्री (आपले डहाणूवाले यातच बसतात) आणि पारशी बापाची परक्या बाईपासून झालेली, रीतसर धर्मात घेतलेली मुले. म्हणजे रतनजी-सुझानचे पुत्र जे. आर. डी. टाटा पारशी, त्यांची आई नव्हे. आणि पारशी आईची परक्या बापापासून झालेली मुले या यादीत कुठेच नाहीत.

मला इथे थांबावेसे वाटते. धर्मग्रंथ परवानगी देतो, हे ज्या निकालात मान्य केले आहे, तोच पुढे शंभर वर्षे धर्माचा कायदा म्हणून लेकींवर चालवला गेला. धर्माचे नाव पुढे, लेखणी कोर्टाची आणि साक्ष समाजातल्या वजनदार पुरुषांची.

याच रुळांवरून रखमाबाई सुरतेला डॉक्टर म्हणून रुजू व्हायला गेल्या असणार. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंना नवऱ्याकडे, दादाजी भिकाजीकडे, नांदायला जायचे नव्हते. १८८५ मध्ये न्या. पिन्ही यांनी दादाजीचा दावा फेटाळला. अपिलात तो पुन्हा उभा राहिला आणि मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी हुकूम दिला, नांदायला जा नाहीतर सहा महिने कैद. बाईंनी कैद पत्करू म्हणून सांगितले. ‘केसरी’तून टिळक हिंदू धर्मावर घाला आला म्हणून दादाजीच्या बाजूने लिहीत होते. गंमत अशी, की नवऱ्याने बायकोला नांदायला आणण्यासाठी दावा लावायचा, ही चीज धर्मशास्त्रात नव्हतीच. ती इंग्लंडच्या चर्चच्या कोर्टांतून आलेली, आणि तिच्यापायी तुरुंगात टाकणे खुद्द इंग्लंडने १८८४ मध्ये बंद केले होते. तिकडे मोडीत निघालेले हत्यार इकडे सनातन धर्म म्हणून परजले गेले. १८८८ मध्ये दादाजीने दोन हजार रुपये घेऊन तडजोड केली. दाव्याचे कलम मात्र हिंदू विवाह कायद्यात नववे म्हणून आजही आहे. हा दावा आता नवरा-बायको दोघांनाही लावता येतो.

डहाणू आणि तलासरीत सगळ्यात जास्त घरे आदिवासींची, त्यांत वारल्यांची मोठी संख्या. त्यांची रीत कोणत्या पोथीत नाही. वारल्यांचे लग्न लावते ती धवलेरी, एक बाई. सवाशिणी भिंतीवर पालघट देवीचा चौक लिहितात, धवलेरी गाते, आणि त्याशिवाय लग्न लागत नाही. भटाचे काम बाईकडे देणारा समाज मुंबईपासून शे-सव्वाशे किलोमीटरवर आहे, हे आपल्या सुधारकी लेखांत क्वचितच येते. पण १९५६ चा हिंदू वारसा कायदा या लोकांना लागू नाही. कलम २(२) ने अनुसूचित जमाती वगळल्या. हेतू चांगला होता, त्यांच्या रीतीत हात घालायचा नाही. परिणाम असा, की महाराष्ट्राने १९९४ मध्ये लेकींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका वाटा दिला, तो बांधाच्या अलीकडच्या बिगरआदिवासी घरापर्यंत पोचला आणि पलीकडच्या वारली घरापाशी थबकला. लग्न लावायला धवलेरी हवी, पण जमिनीला वारस म्हणून तिचे नाव लावायला कायद्यात ओळ नाही.

अलीकडच्या घरी तरी काय होते? बाप गेला की दिवसकार्य आटोपते आणि भाऊ बहिणींना घेऊन दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जातो. हक्कसोडपत्र टाइप होऊन तयार असते. बाकावर तिघी-चौघी बसलेल्या, मांडीवर पिशवी, नाव पुकारले की एकेक उठते, जांभळ्या शाईत अंगठा बुडवते, रुमालाला पुसते. नाही म्हणावे तर माहेर तुटते. दिवाळीला, भाऊबीजेला कोणाकडे जायचे? भाऊ वाईट असतो असे नाही, तो बाहेर सगळ्यांना जेवायला घालतो. गुलरुखला दारातच रोखायला निघाले होते. इथे दार उघडे ठेवण्याची किंमत म्हणून सही घेतात.

डहाणूजवळच्या वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाली. बंदर समुद्रात भराव टाकून होणार असले, तरी त्याकडे जाणारा रस्ता आणि रेल्वे जमिनीवरूनच जायची, आणि मोबदला सातबाऱ्यावर ज्याचे नाव त्याच्या खात्यात. बंदराला विरोध करायला बायका पुढे असतात, पोलिसांच्या गाडीतही त्याच बसतात. पैसे वाटायची वेळ आली की त्यांचे नाव यादीत असेलच असे नाही.

गुलरुखच्या खटल्यात १४ डिसेंबर २०१७ रोजी वलसाडच्या अंजुमन ट्रस्टने सर्वोच्च न्यायालयात सांगितले, की आईवडिलांच्या विधींना तिला येऊ देऊ. मूळ प्रश्न, लग्नाने बाईचा धर्म जातो का, शबरीमला मंदिर-प्रवेशाच्या प्रश्नांसोबत २०१९ मध्ये मोठ्या पीठाकडे धाडला गेला. आदिवासी लेकींबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राला कायदा बदलण्याचा विचार करायला सुचवले. मग जुलै २०२५ मध्ये, छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या दाव्यात, मुलींना वगळणारी रूढी सिद्ध झालेली नसेल तर समानता हाच नियम, असे म्हणून आजोबांच्या जमिनीत मुलीच्या वारसांना वाटा दिला. रूढी आहे हे सिद्ध करायचे ओझे आता नाही म्हणणाऱ्यावर आले. तेव्हा तलासरीतली एखादी वारली लेक बापाच्या मृत्यूचा दाखला घेऊन तलाठ्याकडे गेली आणि गाव नमुना सहा-क मध्ये भावांच्या खाली माझेही नाव घाला म्हणाली, तर तिला परत पाठवण्याआधी तलाठीभाऊंना त्या रूढीचा पुरावा मागावा लागेल, आणि तो भावांनी आणायचा आहे.