येर

धानोऱ्यात मुक्काम. मोहाचे दिवस. सकाळी अंगणवाडीत तक्त्यावरच्या द्राक्षांवर, जहाजावर बोट ठेवून विचारलं, तर पोरं गप्प. मग पाण्याचा पेला उचलला. कोपऱ्यातली चार वर्षांची पोर पुटपुटली, ‘येर.’ गोंडीत पाणी. मी तोच शब्द मोठ्यानं म्हटला आणि सगळी खोली बोलू लागली. मोह, टेंभरं, चारं... कुठल्या झाडाखाली टोपली कधी न्यायची, हे त्या चिमुरड्यांना पाठ! एवढं घेऊन आलेल्या लेकराच्या नावापुढे आपण ‘अबोल’ लिहितो, याची आज फार लाज वाटली.

याच तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेनं २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा काढली. तिच्या नावातच गोटूल, म्हणजे गोंडांचं शिकण्याचं पारंपरिक ठिकाण, आहे. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं, असं संविधानाचा अनुच्छेद ३५०क १९५६ पासून सांगतोय. गोंडी मात्र आठव्या अनुसूचीत अजून नाही. आणि मुलांच्या ओळखीच्या गोष्टींतून शिकवणं काही नवं नाही. कोसबाडला बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक, अनुताई वाघ वारली पाड्यांच्या अंगणातच बालवाडी भरवायच्या. पानं, बिया, खडे हीच साधनं.

उद्या नवा तक्ता करायचा ठरलाय. मदतनीस ताई म्हणाल्या, ‘मोहाची फुलंच वेचून आणते ना, चित्र कशाला?’