काश्मिरी गेटचा मोटारबाजार

मनालीला किंवा हरिद्वारला बसने निघालेल्या मराठी प्रवाशाला दिल्लीचे काश्मिरी गेट ठाऊक असते ते तिथल्या महाराणा प्रताप बस अड्ड्यामुळे. बस सुटायला तीन-चार तास अवकाश असतो, सामान जड असते, मुले कंटाळलेली असतात आणि अड्ड्याबाहेर पाऊल टाकायची कोणाचीच तयारी नसते. खरे तर रस्ता ओलांडून दक्षिणेला थोडे चालले की ज्या दरवाजावरून या भागाला नाव पडले, तो दरवाजाच भेटतो. शाहजहानने वसवलेल्या नगरीच्या उत्तर तटातून काश्मीरकडे जाणारी वाट इथून निघे. आज उभी असलेली दोन कमानींची वास्तू इंग्रजांनी १८३५ साली नव्याने बांधली आणि १४ सप्टेंबर १८५७ रोजी त्यांनीच सुरुंग लावून ती फोडली व शहरात प्रवेश केला. त्या दिवशी जबर जखमी होऊन पुढे मरण पावलेल्या ब्रिगेडियर निकल्सनचे नाव तटाच्या कडेने जाणाऱ्या रस्त्याला आहे. जवळच १८३६ सालचे पिवळसर घुमटाचे सेंट जेम्स चर्च आहे. इतिहासाची आवड असलेल्यांना एवढ्यात अर्धा दिवस सहज घालवता येतो.

निकल्सन रोडवर वळले की मात्र इतिहास मागे पडतो आणि रबर, ग्रीस व पुठ्ठ्याच्या खोक्यांचा वास येऊ लागतो. हॅमिल्टन रोड, बडा बाजार आणि पलीकडे मोरी गेटच्या बाजूपर्यंत पसरलेला हा मोटारींच्या सुट्या भागांचा बाजार देशातील फार मोठ्या बाजारांपैकी एक आहे. नवी दिल्ली आणि कॅनॉट प्लेस होण्यापूर्वी काश्मिरी गेट म्हणजे साहेब लोकांच्या खरेदीची जागा. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या कित्येक निर्वासित कुटुंबांनी या परिसरात दुकाने थाटली आणि वस्तीचा चेहराच बदलला. आता एका दुकानात फक्त बेअरिंग, शेजारी फक्त गॅस्केट, त्यापुढे नुसते आरसे आणि दिवे. दुकानाची रुंदी दोन माणसांची, पण खोकी छतापर्यंत. हातगाड्यांना वाट देता देता नवख्या माणसाची तारांबळ उडते. हमाल मात्र डोक्यावर सायलेन्सर घेऊन गर्दीतून लीलया निघून जातात.

इथली खरी गिऱ्हाइके म्हणजे गावोगावचे किरकोळ दुकानदार आणि गॅरेजवाले. पण त्यांच्यात अलीकडे एक वेगळा चेहरा दिसतो. कॉलेजातून नुकता बाहेर पडलेला, नखांत काळे ग्रीस आणि हातात आकड्यांनी भरलेला कागद. या तरुणाला आपल्या जुन्या गाडीला घरच्या घरी टर्बो बसवायचा असतो. टर्बो त्याने कुठून तरी मिळवलेला असतो, बहुधा मोडीत निघालेल्या डिझेल गाडीचा. आता हवे असतात पेट्रोल पुरवणारे भाग. गोष्ट बिघडते ती बहुतेक वेळा इथेच.

टर्बो करतो काय? इंजिनातून वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरते, त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. हवा जास्त, म्हणून पेट्रोलही जास्त हवे. फुंकणीने चूल फुंकली आणि लाकूड कमी पडले तर चूल विझते. इंजिनाचे तसे नाही. भरपूर हवा आणि अपुरे पेट्रोल असे झाले की आतले तापमान चढते, मिश्रण वेळेआधी भडकते, खडखड ऐकू येते आणि पिस्टनला भोक पडायला फार वेळ लागत नाही. साध्या पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनाला वजनाने १४.७ भाग हवेस एक भाग पेट्रोल पुरते. टर्बोचा दाब चढलेला असताना हेच प्रमाण साधारण बारास एक ठेवतात. जास्तीचे पेट्रोल वाफ होताना सिलिंडर थंड राखते. म्हणजे ते वाया गेल्यासारखे दिसते, पण इंजिन तेच वाचवते.

मारुती एस्टीमचेच उदाहरण घ्या. शेवटच्या काळातल्या तेराशे सीसीच्या इंजेक्शन गाडीची ताकद ८५ अश्वशक्ती होती. ती १३० वर न्यायची म्हटली तर? टर्बो इंजिनाला एका अश्वशक्तीमागे तासाला सुमारे २७० ग्रॅम पेट्रोल धरतात. म्हणजे तासाला ३५ किलो, लिटरमध्ये ४८च्या आसपास. चार इंजेक्टरांत वाटले तर प्रत्येकाने मिनिटाला २०० सीसी द्यायला हवेत. पण इंजेक्टरला शंभर टक्के वेळ उघडे ठेवता येत नाही, ऐंशी टक्क्यांवर थांबावे लागते. म्हणून लागतो २५० सीसीचा. हिशेब इथे संपत नाही. आजच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते आणि इथेनॉलमध्ये उष्णता कमी, त्यामुळे आणखी सुमारे सात टक्के पेट्रोल लागते. जुन्या पुस्तकातले आकडे उतरवून घेतलेला मुलगा नेमका इथे फसतो.

मग वाटते, सर्वांत मोठाच इंजेक्टर घ्यावा. बाजारातले जाणते दुकानदार असा माल विकण्यापूर्वी विचारतात, “बेटा, कंप्यूटर कौन सा लगाया है?” प्रश्न फुकाचा नसतो. गाडीच्या कॉम्प्युटरला नवा इंजेक्टर किती मोठा आहे हे सांगितले नाही तर तो जुन्याच हिशेबाने उघडत राहतो. सिग्नलला उभी असलेली गाडी काळा धूर सोडते आणि पेट्रोलने सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन जाते. शिवाय इंजेक्टर दोन जातींचे असतात, बारा-चौदा ओहम रोधाचे आणि दोन-तीन ओहमचे. पहिल्याच्या जागी दुसरा जोडला तर कॉम्प्युटरच जळू शकतो. मल्टिमीटर लावायला अर्धा मिनिट लागतो. तेवढाही धीर नसेल त्याने टर्बोच्या वाटेला जाऊ नये.

पंपाचे गणितही फसवे आहे. खोक्यावर तासाला अमुक लिटर असे छापलेले असते. पण तो आकडा कोणत्या दाबाला आणि किती व्होल्टला, हे पाहायचे असते. दाब वाढला की पंपाचा पुरवठा घटतो. मूळचा दाब तीन बार आणि टर्बोचा अर्धा बार, तर पंपाने साडेतीन बारला पुरेसे पेट्रोल द्यायला हवे. अलीकडच्या बहुतेक गाड्यांत दाब राखणारा रेग्युलेटर टाकीतच असतो आणि त्याला टर्बोच्या दाबाची खबरच नसते. त्यामुळे नेमके जास्त पेट्रोल हवे तेव्हाच इंजेक्टरमधून कमी पडते. अशा गाडीला इंजिनाच्या दाबाबरोबर स्वतःचा दाब वाढवणारा रेग्युलेटर आणि टाकीकडे परतणारी वेगळी नळी घालावी लागते. ती परतीची नळी बारीक राहिली आणि पंप मोठा आला, तर उलट गाडी उभी असतानाच दाब चढून बसतो.

या सगळ्यात सर्वांत स्वस्त वस्तू म्हणजे रबरी नळी आणि सर्वांत जास्त घासाघीस होते ती तिच्याच किमतीवर. मीटरवर विकली जाणारी साधी काळी नळी कार्बुरेटरच्या गाडीला चालते, कारण तिथे दाब नाममात्र असतो. इंजेक्शनच्या दाबाला नळीवर ‘एसएई जे३० आर९’ असा छाप हवा आणि ती इथेनॉल सोसणारी हवी. ती फुगली, चिरली आणि पेट्रोलचा बारीक फवारा टर्बोच्या तापून लाल झालेल्या कवचावर पडला, तर बॉनेटखाली आग लागायला ठिणगीचीही गरज नसते. मागच्या सीटवर लहान बहीण बसलेली असते, आई बसलेली असते. दहा हजारांचा पंप घेणारा मुलगा नळीत शंभर रुपये वाचवू पाहतो, तेव्हा त्याच्या वडिलांनी बरोबर यायला हरकत नसावी.

नकली मालाचाही प्रश्न आहेच. खोके हुबेहूब, होलोग्रामही हुबेहूब, किंमत मात्र निम्मी. ती निम्मी किंमतच पुरेसा पुरावा समजावा आणि पक्के बिल मागावे. जुने इंजेक्टर घेतले असतील तर ते साफ करून तपासून घेण्याची सोय मोठ्या शहरांत सगळीकडे आहे. यंत्रावर चार इंजेक्टर लावतात, खाली चार काचेच्या नळ्या, आणि ठरावीक वेळात प्रत्येकीत द्रव किती चढला ते डोळ्यांनी दिसते. एका नळीतली पातळी बोटभर खाली राहिली, तर त्या सिलिंडरचे भवितव्य तिथेच कळते.

एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलामागे मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. अपघात झाला तर विमा कंपनीही हे प्रकरण उकरून काढते. ज्यांना हौसच भागवायची आहे ते गाडी रस्त्यावर न आणता स्पर्धेच्या बंदिस्त ट्रॅकवर चालवतात.

बाजार रविवारी बंद असतो. सकाळी अकराच्या आत गेले तर दुकाने नुकती उघडत असतात, संध्याकाळी गर्दी फार. मेट्रोच्या लाल, पिवळ्या आणि जांभळ्या अशा तिन्ही मार्गांचे स्टेशन काश्मिरी गेटलाच आहे, त्यामुळे शहराच्या कुठल्याही भागातून येणे सोपे. ज्यांना सुट्या भागांत रस नाही त्यांनी दाराशुकोहच्या ग्रंथालयाच्या जुन्या वास्तूत २०२३ मध्ये सुरू झालेले फाळणीचे संग्रहालय पाहावे. बरोबर आलेला मुलगा तोवर नळी शोधून परत येतो. त्याच्या पिशवीतला जुना पंप पेट्रोलने ओला नाही ना, एवढे मेट्रोत शिरण्यापूर्वी पाहून घ्यावे.