जाळी पुसणारी लेन्स

सिग्माची 150-600 लेन्स घेतली ती राधानगरीच्या गव्यासाठी. पण दाजीपूरच्या जंगलात गवा दिसला तरी तो आपल्यासाठी थांबत नाही. झूमची रिंग कुठल्या बाजूला फिरवायची, फोकसचं बटण कुठे आहे, हे त्या वेळी आठवत बसलं तर फोटोत फक्त हलणारी कारवी येते. हात आधी बसलेला हवा आणि त्यासाठी समोर ठरलेल्या जागी सापडणारं जनावर हवं. कोल्हापुरात तशी सोय नव्या राजवाड्याच्या आवारात आहे.

मेजर मँटच्या आराखड्यानुसार हा राजवाडा बांधला गेला. 1877 ला सुरू झालेलं काम 1884 ला संपलं. बाहेरगावचे लोक येतात ते राजवाडा आणि आतलं शहाजी छत्रपती म्युझियम बघायला. आवारातलं तळं, बदकं आणि कुंपणातली हरणं यांच्याकडे खरं लक्ष असतं ते लहान मुलांचं. माझंही लहानपणापासून तिकडेच लागलेलं. म्युझियममध्ये फोटो काढायला मनाई आहे, त्यामुळे तिथले पेंढा भरलेले वाघ नुसते बघून यायचे आणि कॅमेरा बाहेरच्या चितळांवर धरायचा.

पहिली परीक्षा वजनाची होती. लेन्स जवळजवळ दोन किलोची, त्यात कॅमेऱ्याची भर. डावा तळवा लेन्सखाली, दोन्ही कोपरं बरगड्यांना टेकलेली आणि श्वास सोडताना क्लिक, एवढं अंगवळणी पडेपर्यंत खांदे बोलत राहतात. मोनोपॉडने ओझं हलकं होतं, पण कठड्याशी पोरांची गर्दी असली की त्याचा पाय दुसऱ्याच्या पायात येतो.

प्राणी तर वीस-पंचवीस फुटांवरच असतो, मग एवढी लांबलचक लेन्स कशाला, असं तिथे बरेच जण विचारतात. माझ्या अनुभवात तिचं खरं काम प्राणी जवळ आणणं हे नाहीच, नको ते सगळं चौकटीबाहेर घालवणं हे आहे. माझ्या क्रॉप सेन्सरवर 600 मिलिमीटरला दृश्याचा कोन फुल फ्रेमवरच्या 900 मिलिमीटरइतका अरुंद होतो. चितळाच्या डोक्यामागे हिरव्या झाडोऱ्याचा एवढासा तुकडा उरतो. पाण्याची टाकी, पलीकडच्या कठड्यावरचे रंगीत शर्ट, फळीवरची पाटी यांतलं काहीच येत नाही. आपण दोन पावलं डावीकडे सरकलो तरी मागचा पडदा पार बदलतो. त्यामुळे मी आता आधी पार्श्वभूमी शोधतो आणि प्राणी तिच्यासमोर यायची वाट बघतो.

जाळीचं गणितही असंच उलटं निघालं. प्राणी जाळीला नाक लावून उभा राहिला की सगळे मोबाइल सरसावतात. फोटोसाठी मात्र ती सर्वांत वाईट वेळ असते, कारण प्राणी आणि तार दोन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसतात. प्राणी जाळीपासून जितका आत जाईल तितकं चांगलं आणि लेन्स जाळीला जितकी जवळ तितकं आणखी चांगलं. 600 मिलिमीटरला एफ 6.3 वर प्रकाश आत येण्याची वाट सुमारे 95 मिलिमीटर रुंद असते. तीन-चार मिलिमीटरची तार तिच्यापुढे आली तर थोडा प्रकाश अडतो, तारेचा आकार उमटत नाही. हीच लेन्स 150 वर आणली की एफ 5 ला ती वाट 30 मिलिमीटरची होते आणि पुसलेली जाळी करड्या पट्ट्यांच्या रूपात परत येते. म्हणून जाळीपुढे झूम शेवटच्या टोकाला नेऊन ठेवायचा आणि अॅपर्चर पूर्ण उघडं. जाळीवर ऊन पडलं असेल तर तार चमकते आणि सगळ्या फोटोवर दुधी पडदा येतो. अशा वेळी सावलीतला भाग गाठायचा किंवा टोपीने तारेवर सावली धरायची. हे सगळं कठड्याच्या अलीकडे राहूनच. कठडा ओलांडून मिळणारा फोटो मला नको.

राहता राहिला प्रकाश. फाटक उघडेपर्यंत सकाळचं कोवळं ऊन निघून गेलेलं असतं. एकदा भर दुपारी मी कुंपणाशी ताटकळलो होतो. तिथला राखणदार लांबून बघत होता. शेवटी जवळ येऊन म्हणाला, "दादा, आत्ता कशाला उनात उभारलाय? जरा दिस कलू द्या. खायला टाकताना सगळी हितं गोळा हुत्यात." त्याचं ऐकलं. ऊन तिरपं झालं तशी झाडाखाली रवंथ करत बसलेली चितळं उठली. अंगावरचे पांढरे ठिपके दुपारी उन्हात जळून गेल्यासारखे येत होते, ते आता वेगवेगळे मोजता येतील असे आले. डोळ्यात आभाळाचा छोटा तुकडा चमकला. पेंढा भरलेल्या वाघाच्या काचेच्या डोळ्यातही चमक असते, पण तो डोळा कोणाचा माग घेत नाही. चितळाचा घेतो, म्हणून फोकसचा ठिपका कायम तिथेच ठेवायचा.

लेन्सच्या स्टॅबिलायझरमुळे सेकंदाच्या अडीचशेव्या भागाएवढ्या शटरवरही माझ्या हाताचा कंप दिसत नाही. चितळाचा कान मात्र त्याला रोखता येत नाही. माशी बसली की कान असा फडकतो की बाकी सगळं रेखीव आणि कान धुरकट. हजारावर शटर नेलं तेव्हा कान जागेवर आला. ढगाळ पावसाळी दिवसात त्यासाठी आयएसओ बराच चढवावा लागतो आणि फोटोत दाणे येतात. तरी दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही.

पुढे निपाणी, तवंदी घाट, संकेश्वर करत बेळगावच्या अलीकडचं भुतरामनहट्टी गाठलं. महामार्गालगतच्या कित्तूर राणी चन्नम्मा प्राणिसंग्रहालयात 2021 मध्ये बन्नेरघट्ट्याहून सिंह आणले गेले. सिंहासमोर लेन्सपेक्षा धीर लागतो, कारण तो दिवसाचा बराच वेळ झोपतो. लोक शिट्ट्या मारतात, टाळ्या वाजवतात. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्यांना चिडवायला, खायला घालायला किंवा आवाज करून त्रास द्यायला मनाई आहे. पण टाळ्या वाजवणाऱ्या बहुतेकांना ते ठाऊकच नसतं. मी थांबलो. सिंहाने उठून आळस दिला, आयाळ झटकली आणि जांभई दिली. फोटोत ती डरकाळी दिसते.

तो फोटो ज्यांना दाखवला त्यांतल्या एकाने विचारलं, "गीरला कधी गेला होता?" जाळी, कठडा, पाटी सगळं लेन्सने पुसलेलं, त्यामुळे शंका यायला जागाच उरली नव्हती. मी भुतरामनहट्टीचं नाव सांगितलं. मी गप्प बसलो असतो तर मात्र फोटो खोटं बोलला असता.

या गोष्टीवरून जगात मोठा गाजावाजा झालेला आहे. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या स्पर्धेत 2009 चं पहिलं बक्षीस फाटकावरून झेपावणाऱ्या लांडग्याच्या फोटोला मिळालं होतं. लांडगा बहुधा माद्रिदजवळच्या एका उद्यानातला माणसाळलेला असावा, अशा निष्कर्षावर परीक्षक आले आणि जानेवारी 2010 मध्ये बक्षीस काढून घेतलं गेलं. फोटोग्राफरने आरोप नाकारला. आपल्याकडचं उदाहरण चित्त्यांचं. कोल्हापूर आणि भावनगर संस्थानांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिकारीसाठी आफ्रिकेतून चित्ते आणवले होते. तसा एखादा जुना फोटो ओळ न लिहिता पुढे ढकलला, तर त्या काळी आपल्या माळांवर चित्ते मोकळे फिरत होते असंच बघणारा समजेल.

नव्याने मोठी लेन्स घेणाऱ्याने आधी प्राणिसंग्रहालयातच शिकावं, असं माझं पक्कं मत झालं आहे. तिथे प्रकाश, पार्श्वभूमी आणि धीर या तिन्हींचा सराव होतो आणि जंगलातल्या प्राण्यामागे जीप पळवायचा मोह टळतो. फक्त फोटोखाली प्राण्याचं नाव, जागा आणि 'बंदिस्त' एवढं लिहावं. माझ्या चांगल्या फोटोंपैकी एकाखाली मी लिहिलं आहे: चितळ, नवा राजवाडा, कोल्हापूर, बंदिस्त. त्यामुळे त्या फोटोची किंमत काही कमी झालेली नाही.